शाळा, मताधिकार आणि प्रातिनिधित्व : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात वऱ्हाडातील शैक्षणिक विशेषाधिकाराचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
लोकशाहीत शिक्षण आणि राज्यकारभारातील प्रातिनिधित्व यांचा संबंध सामान्यतः पूरक मानला जातो. वऱ्हाडाचा इतिहास मात्र या संबंधाची दुसरी बाजूही दाखवितो. वसाहतकाळात शिक्षण हे मताधिकाराचे एक प्रवेशद्वार होते आणि ते मोजक्याच वर्गांना उघडे होते. १९५० च्या राज्यघटनेने प्रौढ मताधिकार देऊन ही अट दूर केली. परंतु त्यानंतर खासगी शिक्षणसंस्थांच्या मालकीतून वर्गीय वर्चस्वाचा एक नवा प्रकार उदयास आला. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेऊन वाशीम जिल्हा परिषदेशी निगडित असलेल्या २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा शैक्षणिक अंगाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वऱ्हाड, वाशीम, खासगी शिक्षणसंस्था, मताधिकार, जिल्हा परिषद, राजकीय मागासलेपण

प्रस्तावना :
वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तथापि जिल्हा म्हणून वाशीमचा इतिहास याहून जुना आहे. १८५३ च्या करारान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला व पुढे वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तालुक्यांचा मिळून वाशीम जिल्हा झाला. २,९४९ चौरस मैल क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ३,५३,४१० होती. दुष्काळामुळे ती आधीच्या दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. १९०५ च्या पुनर्रचनेत हा जिल्हा मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ अकोल्याला, तर पुसद यवतमाळला जोडण्यात आले. त्यानंतर सुमारे ९३ वर्षे वाशीमकरांना जिल्ह्याच्या पातळीवरील कचेरी, न्यायालय आणि निर्णयकेंद्र यांसाठी अकोल्याकडेच पाहावे लागले.

नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. तीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात कोणाची मुले कोणत्या शाळेत शिकतात आणि त्या शाळांविषयीचे निर्णय कोण घेते, हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) वसाहतकालीन वऱ्हाडात शिक्षण व मताधिकार यांची सांगड कशी होती, हे पाहणे.
२) बहुजन शिक्षणसंस्थांच्या उदयामागील प्रातिनिधित्वाची प्रेरणा स्पष्ट करणे.
३) प्रौढ मताधिकारानंतर खासगी शिक्षण व सत्ता यांच्यात निर्माण झालेल्या नव्या संबंधांचे विवेचन करणे.
४) जिल्हा परिषदेतील प्रातिनिधित्व आणि सार्वजनिक शाळा यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटिअर, अधिनियम, घटनात्मक तरतुदी व न्यायालयीन निकाल यांचा आधार घेतला आहे.

शिक्षण आणि मताधिकार (१८५३ ते १९३७) :
१८५४ च्या वूडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षण वरून खाली झिरपेल, ही तत्कालीन राज्यकर्त्यांची धारणा मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या धारणेवर प्रहार केला. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशीही त्यांची मागणी होती. फुले मुंबई इलाख्याविषयी बोलत होते; परंतु कापसाच्या शेतसाऱ्यावर चालणाऱ्या वऱ्हाडालाही त्यांचे म्हणणे तितकेच लागू होते.

वऱ्हाडात १९२३ पर्यंत एकही महाविद्यालय नव्हते. त्या वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. तोवर पदवीची आकांक्षा धरणाऱ्या वऱ्हाडी तरुणास नागपूरचे हिस्लॉप किंवा मॉरिस महाविद्यालय, नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागे. परगावी राहण्याचा खर्च झेपणारी कुटुंबे वतनदार, सावकार, वकील आणि सरकारी नोकर यांचीच असत. वऱ्हाडच्या आरंभीच्या राजकीय नेतृत्वात वकिलांचे प्राबल्य दिसते, त्याचे कारण येथे आहे. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर व गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे याच सुशिक्षित वकीलवर्गाचे प्रतिनिधी होत. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले आणि १९१२ मध्ये मुधोळकर राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. या पिढीचे सार्वजनिक कार्य मोठे होते, परंतु ज्या जिन्याने ती वर चढली तो बहुसंख्य कुणबी, माळी, बंजारा व महार कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत निर्वाचित सभासदांची संख्या वाढविली. पण मताधिकार मुख्यतः शेतसारा, कर व मालमत्ता यांवर आधारलेला होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे ३ टक्के लोकांनाच तो मिळाला. वऱ्हाड कायद्याने निजामाचाच प्रदेश राहिल्यामुळे येथून निवडून आलेल्यांना मध्य प्रांताच्या कायदेमंडळात औपचारिकदृष्ट्या नामनिर्देशित सभासद म्हणून घेतले जाई. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींवर नेली आणि मालमत्तेच्या जोडीला प्रांतपरत्वे शैक्षणिक पात्रताही मान्य केली. त्यामुळे शाळेची परीक्षा उत्तीर्ण होणे हा मतदार होण्याचा एक मार्ग ठरला. याच कायद्यान्वये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांपैकी ३ जमीनदारांसाठी, २ व्यापाऱ्यांसाठी आणि १ विद्यापीठासाठी होती. पुणे कराराप्रमाणे अस्पृश्य वर्गांसाठी २० जागा राखीव झाल्या.

या व्यवस्थेतील अन्याय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर ओळखला होता. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शिथिल करण्याची व त्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी देण्याची मागणी केली. सायमन आयोगाच्या काळात ते याही पुढे गेले व त्यांनी प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला. ज्यांना शिक्षण नाकारले गेले त्यांच्याकडेच मतासाठी शिक्षणाची अट मागणे न्याय्य नाही आणि निरक्षर मनुष्य अविवेकी असतोच असे नाही, अशी त्यांची भूमिका होती. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या उदारमतवादी विचारवंताने १८६१ मध्ये सुशिक्षितांना एकाहून अधिक मते देण्याचा विचार मांडला होता. त्या पार्श्वभूमीवर आंबेडकरांच्या या भूमिकेचे महत्त्व लक्षात येते.

बहुजन शिक्षणसंस्था : प्रातिनिधित्वाची पूर्वतयारी :
कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. शाळा आणि राज्यकारभारातील वाटा यांचा एकत्र विचार त्यामागे होता. वऱ्हाडात हाच विचार डॉ. पंजाबराव देशमुख यांनी पुढे नेला. इंग्लंडमधील शिक्षण संपवून परतल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारासाठी प्रयत्न केले. १९३० मध्ये ते प्रांतिक मंत्रिमंडळात शिक्षण व कृषी या खात्यांचे मंत्री झाले. त्याच सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्थेची पायाभरणी झाली. पुढे ही संस्था विदर्भातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक ठरली.

या संस्था कायद्याच्या दृष्टीने खासगीच होत्या, परंतु त्यांचे प्रयोजन विशेषाधिकार मोडण्याचे होते. सरकारी शाळा गावापर्यंत पोहोचत नव्हती आणि शहरातील जुन्या खासगी शाळांत गरीब शेतकऱ्याच्या मुलाची सोय होत नव्हती. त्यामुळे वर्गणी, धान्य व श्रमदान यांवर उभी राहिलेली वसतिगृहे व विद्यालये ही बहुजन समाजाची स्वतःची वाट झाली. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांची नावे पाहिली असता आणखी एक धारा दिसते. राजस्थान आर्य महाविद्यालय (वाशीम), किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय (कारंजा) आणि उत्तमचंद बगडिया महाविद्यालय (रिसोड) या नावांत येथे स्थिरावलेल्या व्यापारी समाजाच्या दातृत्वाची नोंद आहे. वऱ्हाडात उच्च शिक्षणाचा विस्तार शासनापेक्षा समाजाच्या पुढाकाराने अधिक झाला, असे म्हणता येते.

पंजाबरावांनी शिक्षणाचा प्रश्न प्रातिनिधित्वापासून कधी वेगळा केला नाही. घटना समितीत त्यांनी मागासवर्गीयांच्या सेवांमधील वाट्याचा आग्रह धरला आणि १९५० मध्ये अखिल भारतीय मागासवर्ग महासंघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. विदर्भाच्या विलीनीकरणाच्या वेळीही हीच जोडी दिसते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेश आणि शासकीय सेवा या दोन्हींत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य करण्यात आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि सेवांतील पुरेशी संधी यांचा उल्लेख याच आशयाने आला आहे. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

प्रौढ मताधिकारानंतर : संस्थेची मालकी आणि सत्ता :
राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत वाशीम परिसरातील निरक्षर शेतमजुराचे मत पदवीधर वकिलाच्या मताइतकेच मोलाचे ठरले. शतकभराच्या वादाचा हा निकाल होता. परंतु शिक्षण आणि सत्ता यांचा संबंध येथे संपला नाही.

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने खासगी अनुदानित संस्थांकडून झाला. शिक्षकांचे वेतन शासन देते आणि नेमणूक संस्था करते, अशी ही व्यवस्था होती. सेवाशर्तींचे नियमन करण्यासाठी १९७७ चा अधिनियम आला, तरी नेमणुकीतील संस्थाचालकाचा प्रभाव टिकून राहिला. २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी पवित्र प्रणाली आणावी लागली, यावरून प्रश्नाची तीव्रता ध्यानात येते. ज्या तालुक्यात कारखानदारी नाही व शेती कोरडवाहू आहे, तेथे शिक्षकाची नोकरी ही स्थिर उत्पन्नाची दुर्मीळ संधी असते. ती देऊ शकणाऱ्या व्यक्तीभोवती राजकीय निष्ठांचे जाळे तयार होणे स्वाभाविक होते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्यामुळे राज्याबाहेर जाणारे विद्यार्थी थांबले, हे खरे. पण शुल्क भरण्याची ऐपत ही प्रवेशाची नवी कसोटी बनली. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठी राजकीय भाषेत रूढ झाला तो याच पार्श्वभूमीवर. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने हीच प्रक्रिया शालेय स्तरावर आणली. फुले आणि पंजाबराव यांच्या परंपरेतील खासगी संस्था ज्या वर्गासाठी उभी राहिली, त्याच वर्गातील गरिबाला तिच्या दारात थांबविणारी व्यवस्था अशा रीतीने आकारास आली. येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. सर्वच संस्था व्यापारी झाल्या असे नव्हे. आजही ग्रामीण भागातील अनेक अनुदानित विद्यालये तुटपुंज्या साधनांवर चालतात. प्रश्न संस्थांच्या हेतूंचा नसून सार्वजनिक निधी व खासगी अधिकार यांच्या एकत्र येण्याचा आहे.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ :
शिक्षणावर आधारित मताधिकार एका ठिकाणी अद्याप जिवंत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेतील एक-द्वादशांश सभासद पदवीधरांकडून व तितकेच शिक्षकांकडून निवडले जातात. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी अशा प्रत्येकी ७ जागा आहेत. वाशीम जिल्हा अमरावती विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मोडतो. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक स्तराखालील शाळेतील शिक्षकास मत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या वाडी-तांड्यावरील शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरओळख करून देणारा शिक्षक या मतदारसंघाबाहेर राहतो. उमेदवार मात्र शिक्षक असण्याची गरज नाही. उमेदवार पदवीधर वा शिक्षक असणे आवश्यक नाही, तो राज्यातील मतदार असला की पुरे, अशी कायद्याची स्थिती असून पदवीधर मतदारसंघाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये नारायणस्वामी प्रकरणात ती स्पष्ट केली. त्यामुळे संस्थाचालक त्यांच्याच कर्मचाऱ्यांकडे मत मागू शकतात. ब्रिटनमधील विद्यापीठ मतदारसंघ १९४८ च्या कायद्याने रद्द झाले; भारतात त्यांचे एक रूप टिकून राहिले.

जिल्हा परिषद, सार्वजनिक शाळा आणि २०२१ चा निकाल :
वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या. ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षण समिती, शाळाखोल्यांचा खर्च आणि गावपातळीवरील सोयी हे विषय निर्वाचित सभासदांपुढे येऊ लागले. ज्या कुटुंबांना खासगी शाळेचे शुल्क परवडत नाही, त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर देखरेख करणारे सर्वांत जवळचे निर्वाचित सभागृह जिल्हा परिषद हेच आहे. म्हणून तेथील प्रातिनिधित्वाचा प्रश्न हा केवळ पदांच्या वाटणीचा राहत नाही.

वाशीम जिल्हा परिषदेत ५२ जागा होत्या. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती व जमातींचा एकत्रित वाटा सुमारे चतुर्थांश आहे. त्यात इतर मागासवर्गाच्या सरसकट २७ टक्क्यांची भर पडली की राखीव जागा निम्म्याहून अधिक होतात. नेमक्या याच मुद्द्यावर वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांबाबतच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात न्यायालयाने ५० टक्क्यांवरील आरक्षण अवैध ठरविले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी समर्पित आयोग, स्थानिक पातळीवरील अनुभवजन्य माहिती आणि ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी आवश्यक मानल्या. परिणामी जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सभासदांपैकी वाशीममध्ये जिल्हा परिषदेच्या १४ आणि पंचायत समित्यांच्या २७ जागा रिक्त झाल्या. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांवर सर्वसाधारण जागा म्हणून पोटनिवडणुका घेण्यात आल्या.

या निकालाचे मूळ ११ मे २०१० च्या कृष्णमूर्ती प्रकरणात आहे. सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण या एकच गोष्टी नव्हेत, असे घटनापीठाने त्यात म्हटले होते. इतिहासाच्या दृष्टीने हे विधान अर्धे सत्य आहे. संख्येने मोठा समाज शिक्षणात मागे असूनही निवडणुकीत पुढे असू शकतो, हे वऱ्हाडात दिसते. पुसदजवळच्या गहुली तांड्यातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री राहिले, तरी तांड्यांवरील शाळेचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला नाही. दुसरीकडे, संख्येने लहान आणि शिक्षणात मागे राहिलेल्या कारागीर व भटक्या जातींना या दोन्ही मागासलेपणांचा भार एकदमच सोसावा लागतो. अशा जातींना शिक्षणसंस्था नाही, नोकरी देण्याची शक्ती नाही आणि निवडणुकीचा खर्च पेलण्याची ऐपतही नाही. जातनिहाय माहितीचा आग्रह न्यायालयाने धरला तो योग्यच होता. परंतु ती माहिती गोळा करणे हे शासनाचे कर्तव्य असताना तिच्या अभावाची किंमत या दुर्बल घटकांना मोजावी लागली. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने ग्राह्य धरला आणि ६ मे २०२५ रोजी त्या अहवालापूर्वीच्या स्थितीनुसार निवडणुका घेण्याचा अंतरिम आदेश दिला. दरम्यानच्या काळात राज्यातील अनेक स्थानिक संस्था प्रशासकांच्या हाती राहिल्या.

शैक्षणिक पात्रतेचे पुनरागमन :
मतदारासाठी रद्द झालेली शिक्षणाची अट अलीकडे उमेदवारासाठी परतली आहे. राजस्थान व हरियाणा यांनी २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांसाठी किमान शिक्षण ठरविले आणि १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाचा कायदा वैध ठरविला. राजस्थानने २०१९ मध्ये ही अट काढून टाकली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असण्याची अट घालण्यात आली. ऊसतोड, वीटभट्टी किंवा हंगामी स्थलांतरामुळे ज्यांची शाळा सुटली, त्यांच्या बाबतीत ही अट शासनाच्या अपयशाचे ओझे नागरिकावर टाकते. आंबेडकरांचा युक्तिवाद येथे शब्दशः लागू पडतो.

याउलट दिशेची एक तरतूद म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या परिघात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला. गरिबाचे मूल सार्वजनिक शाळेतच बसावे आणि निर्णय घेणाऱ्यांची मुले अन्यत्र, ही विभागणी नियमाने पक्की होण्याचा धोका तूर्त टळला. निर्वाचित प्रतिनिधी व अधिकारी यांनी त्यांची मुले सरकारी शाळांत घालावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेशाबाबत दिला होता. त्यामागील तर्क हाच होता की, ज्या शाळेशी निर्णयकर्त्याचा घरचा संबंध उरत नाही, तिची निगा राखण्याची निकडही उरत नाही.

निष्कर्ष :
१) वसाहतकालीन वऱ्हाडात शिक्षण हे मताधिकाराचे व नेतृत्वाचे साधन होते. ते साधन ऐपतीने मिळत असल्यामुळे प्रातिनिधित्वही वर्गीय राहिले.
२) बहुजन शिक्षणसंस्थांनी हा विशेषाधिकार मोडण्याचे ऐतिहासिक कार्य केले. ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ त्या काळी आजच्याहून भिन्न होता.
३) प्रौढ मताधिकारानंतर शिक्षण असण्यापेक्षा शिक्षणसंस्था हाती असणे हे सत्तेचे अधिक प्रभावी साधन झाले.
४) जिल्हा परिषद ही गरिबांच्या शाळेची पालक असल्याने तेथील दुर्बल घटकांचे प्रातिनिधित्व कमी होणे म्हणजे त्या शाळेचा आवाज कमी होणे होय.
५) राजकीय मागासलेपण ठरविताना केवळ निवडून आलेल्यांची संख्या न मोजता शिक्षणसंस्था, सहकारी संस्था व शासकीय सेवा यांवरील समाजगटांचे प्रत्यक्ष नियंत्रणही मोजले जाणे आवश्यक आहे.
६) शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांना स्थान देण्याचा, अथवा शिक्षणावर आधारित मतदारसंघांचाच पुनर्विचार करण्याचा प्रश्न चर्चेस घेतला गेला पाहिजे.

वाशीमसारख्या जिल्ह्यात वाडी-तांड्यावरील शाळा टिकणे आणि तिच्यासाठी सभागृहात बोलणारा सभासद असणे, या दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. शिक्षणाचा इतिहास व प्रातिनिधित्वाचा इतिहास आजवर बहुधा स्वतंत्रपणे लिहिले गेले. ते एकत्र वाचल्याशिवाय या जिल्ह्याच्या मागासलेपणाचे निदान पुरे होणार नाही.